तिच्या कामाला रकाना नव्हता

आज ज्याला फिजिओथेरपी म्हणतात त्याला आमच्या सोलापुरात तेव्हा मालिशच म्हणत. मालिश तालमीतले वस्ताद करत, न्हावी करत, बाळंतिणीला सुईण करी. ते काम शिकायला कुणी दोन-तीन वर्षं शाळेत जातं, परीक्षा देतं आणि मग दवाखान्यात त्याचीच नोकरी करतं, हे ती बाई येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. मी स्वतः शिकलेली नर्स होते, तरी ठाऊक नव्हतं.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. सोळाव्या वर्षी माझं लग्न झालं, सतराव्या वर्षी नवरा विषमज्वरानं गेला आणि सासरच्यांनी मला कुंभारीला माझ्या वडिलांकडे, आप्पांकडे, आणून सोडलं. आप्पा वर्षभर काही बोलले नाहीत. मग एक दिवस भाऊबंदांना न विचारता त्यांनी माझी पेटी उचलली आणि मला मिरजेला नर्सिंग शिकायला नेऊन घातलं. शिकून परत आले तेव्हा आप्पा जमीन भावाला कसायला देऊन सोलापुरात गिरणीच्या विणकाम खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम, झाले होते. मला एका धर्मादाय दवाखान्यात जागा मिळाली. नर्सेसच्या नोंदणीचा कायदा नवाच आला होता. फॉर्म भरला, दाखला जोडला, मुंबईहून दोन महिन्यांत नंबर आला. मला त्याचं काही विशेष वाटलं नाही. त्या काळात मला कशाचंच विशेष वाटत नसे. भोंगा झाला की उठायचं, आप्पांच्या भाकऱ्या टाकायच्या, पातळ नेसून दवाखान्यात जायचं, संध्याकाळी परत यायचं. माझ्या आयुष्यात जे काही घडायचं होतं ते घडून गेलंय, अशी माझी समजूत होती आणि त्या समजुतीनं मला त्रासही होत नव्हता.

लढाई सुरू झाली त्या वर्षी, शिमगा होऊन गेल्यावर, आमच्या डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं. डॉक्टर तरुणपणी हाडांची शस्त्रक्रिया शिकायला वर्षभर व्हिएन्नाला राहिले होते. तिथल्या इस्पितळात मोडलेल्या हातापायांना पुन्हा चालतं करणारी एक बाई होती. तिच्याकडून आपण शस्त्रक्रियेपेक्षा जास्त शिकलो, असं ते सांगत. ती बाई ज्यू होती. आता तिला तिथं राहता येत नव्हतं. डॉक्टरांनी तिच्यासाठी हमी लिहून दिली होती आणि ती उद्याच्या मेलनं येणार होती. ‘तिच्या कागदपत्रांचं काम तुम्ही बघा. तुमचं इंग्रजी बरं आहे,’ ते म्हणाले.

ती उतरली ती एक ट्रंक आणि कातडी पाकीट घेऊन. चव्वेचाळीस वर्षांची, उंच, केस कापलेले. स्टेशनाबाहेर टांग्यात बसताना तिनं घोड्याच्या मागच्या पायाकडे बघितलं आणि डॉक्टरांना काहीतरी म्हणाली. डॉक्टर हसले. घोडा डाव्या पायानं जपून चालतोय, असं ती म्हणाली होती. ती स्वतः हसली नाही. तिला हसताना मी वर्षभरात फार तर दोनदा पाहिलं.

डॉक्टरांना वाटलं होतं की दुसऱ्याच दिवशी तिला कामाला लावावं. वॉर्डात गिरणीतले चार जण प्लास्टरमध्ये होते. पण दवाखान्याला नगरपालिकेची ग्रँट होती आणि कमिटीनं कळवलं की नोंदणी नसलेल्या माणसानं रुग्णाला हात लावायचा नाही. परदेशी माणसानं तर नाहीच. आधी कागद येऊ दे. मग ती व्हरांड्यातल्या बाकावर बसू लागली. सकाळी आठला यायची, पांढरा कोट घालायची, पाकीट मांडीवर घेऊन बसायची. दुसऱ्या आठवड्यात तिनं माझ्याकडे धुतलेली बँडेजं मागितली आणि ती गुंडाळत बसली. ती इतकी घट्ट आणि सारखी गुंडाळलेली असत की ड्रेसर त्यांना हात लावायला कचरत.

पहिला अर्ज आम्ही डॉक्टर लोकांच्या नोंदणीकडे केला. उत्तर आलं, अर्जदार डॉक्टर नाही. दुसरा नर्सेसच्या नोंदणीकडे केला. त्या फॉर्मवर नर्स, सुईण आणि आरोग्यसेविका असे तीनच रकाने होते. मी तिला विचारलं, कुठल्या रकान्यात लिहू? तिनं तिन्ही वाचले. म्हणाली, ‘मी यातली कुणीच नाही.’ मग फॉर्मच्या मागच्या बाजूला, कोऱ्या जागेत, आम्ही तिच्या कामाचं वर्णन लिहिलं. अठरा वर्षांची नोकरी सहा ओळींत बसली.

त्याचं उत्तर यायला महिना लागला. त्यांनी तिच्या दाखल्यांची भाषांतरं मागितली होती, तिच्या देशाच्या वकिलातीनं शिक्का मारलेली. पण तिचा देश आदल्या वर्षी जर्मनीनं गिळला होता. आता वकिलात म्हणजे ज्यांनी तिला घालवलं त्यांचीच. डॉक्टर म्हणाले, एक पत्र टाकून बघू. तिनं नकारार्थी मान हलवली. बँडेजचं टोक आत खोचलं आणि दुसरं घेतलं. शेवटी डॉक्टरांनी कॉलेजातल्या एका जर्मन जाणणाऱ्या प्रोफेसरांकडून भाषांतरं करवून घेतली.

त्यावर नवी अडचण निघाली. दाखल्यांवरचं नाव आणि पासपोर्टावरचं नाव जुळत नव्हतं. तिकडच्या सरकारनं सगळ्या ज्यू बायकांच्या नावात एकच जास्तीचं नाव घुसवलं होतं, तसा कायदाच केला होता. पासपोर्टावर ते होतं, दाखल्यांवर कुठून असणार? मुंबईचं म्हणणं होतं, या दोन्ही व्यक्ती एकच आहेत असं मॅजिस्ट्रेटसमोर प्रतिज्ञापत्र करून द्या.

वैशाखातली दुपार होती. कचेरीत खसाच्या पडद्यावर पाणी मारून मारून फरशीवर चिखल झाला होता. प्रतिज्ञापत्र लिहिणारा कारकून म्हातारा होता, डोळ्यांवर सुतानं बांधलेला चष्मा. तो मराठीत विचारे, मी इंग्रजीत सांगे, ती उत्तर देई आणि मी ते परत मराठीत आणे. बापाचं नाव सांगितलं. जात विचारली, ती सांगितली. त्यानं ती दोनदा विचारून कशीबशी लिहिली.

‘नवरा?’ कारकुनानं विचारलं. ‘हयात का मयत?’

मी विचारलं. ती समोरच्या दौतीकडे बघत होती.

‘मला माहीत नाही,’ ती म्हणाली.

तिच्या नवऱ्याला घरातून नेलं होतं. एक छापील कार्ड आलं होतं आणि मग काहीच आलं नव्हतं. हे मला डॉक्टरांकडून कळलं होतं. तिनं कधी सांगितलं नव्हतं. मी कारकुनाला म्हटलं की त्यांना ठाऊक नाही.

‘असं कसं चालेल, बाई? दोन्हीतलं एक लिहावं लागतं. कोरं ठेवलं तर साहेब कागद परत करतात.’

मी ते तिला सांगितलं. ती म्हणाली, ‘त्यांना सोयीचं असेल ते लिहू दे.’

कारकुनानं टाक दौतीत बुडवला. मग त्यानं ‘हयात’ लिहिलं आणि त्यावर रेती टाकली. खाली ओळख पटवणारी म्हणून मी सही केली. माझ्या नावाच्या खाली तो माझ्याबद्दलही लिहीत होता, विधवा, राहणार सोलापूर. ते शब्द मी शेकडो वेळा लिहिले होते. आम्ही बाहेर आलो आणि कडुलिंबाखाली टांग्याची वाट पाहत उभ्या राहिलो.

परदेशी माणसांना पोलीस कचेरीतही नाव नोंदवावं लागे. ते काम मात्र पंधरा मिनिटांत झालं. तिथल्या वहीत तिच्यासाठी सगळे रकाने होते. उंची, डोळ्यांचा रंग, अंगावरच्या खुणा, मुक्काम कुणाकडे. फौजदार सभ्य माणूस होता. त्यानं तिला खुर्ची दिली, वहीवर तिची सही घेतली आणि दर महिन्याला येऊन जा, असं सांगितलं.

जूनमध्ये आप्पांचा प्रश्न पुढे आला. फेब्रुवारीत गिरणीत एका मागाचा पट्टा सुटून त्यांचा उजवा हात ओढला गेला होता. खांदा निखळला, गावाकडच्या हाडवैद्यानं बसवला आणि दोन महिने झोळीत बांधून ठेवला. झोळी सुटली तेव्हा हात छातीपर्यंतच उठायचा. आप्पांना फेटा बांधता येईना. ते डाव्या हातानं आणि दातांनी बांधत आणि तो कलंडलेला असे. मला बांधू का म्हणून मी विचारलं होतं, तर नको म्हणाले. सहा महिन्यांत हात आला नाही तर जॉबरची जागा जाणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. 

एका रविवारी ती प्रतिज्ञापत्राची नक्कल द्यायला आमच्या चाळीत आली. आप्पा दारात बसून फेटा बांधत होते. ती उभी राहून बघत राहिली. आप्पा अवघडले. तिनं मला विचारलं, कधीपासून असं आहे? मी सांगितलं. म्हणाली, ‘मला दवाखान्याबाहेरही हात लावता येणार नाही. लावला आणि कुणी तक्रार केली तर अर्ज संपला. पण तू लावू शकतेस. तुझ्याकडे नंबर आहे.’

मग तिनं स्वतःचे हात पाठीमागे घेतले, एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरलं आणि आप्पांच्या मागे उभी राहिली. मी आप्पांच्या खांद्याला हात लावला.

हे लिहायला सोपं आहे. मी सात-आठ वर्षं परक्या पुरुषांना अंघोळी घातल्या होत्या, त्यांच्या जखमा धुतल्या होत्या. पण आप्पांच्या अंगाला माझा हात लहानपणानंतर लागला नव्हता. परत आल्यावर तर नाहीच. त्यांची कातडी कोरडी आणि गरम होती आणि खांद्याचं पातं फळीसारखं घट्ट. मला वाटलं होतं काहीतरी वाटेल. काही वाटलं नाही. ती सांगत होती तिकडे माझं लक्ष होतं.

‘दाबू नकोस,’ ती म्हणायची. ‘थांब. स्नायू नको म्हणतोय ना? मग तिथंच थांब. तो कंटाळेल, मग सोडेल.’

त्या पावसाळ्यात दर रविवारी आणि पुढे बुधवारीही ती येऊ लागली. आधी गरम वाळूच्या पुरचुंडीनं शेक. मग आप्पांनी कमरेत वाकून हात लोंबता सोडायचा आणि घंटेच्या लोलकासारखा हलवायचा. मग भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी भिंतीवर किड्यासारखं वर चढायचं. जिथं बोटं थांबतील तिथं मी कोळशाची रेघ मारायची. तिनं तीन मराठी शब्द शिकून घेतले होते, ‘हळू’, ‘परत’ आणि ‘सोड’. शेजारच्या पद्मशाली बायका मागावरून उठून दारात येऊन बघत आणि तेलुगूत आपसांत बोलत. त्यांच्यातल्या एकीनं तिला ‘नेम्मदिगा’ शिकवलं, म्हणजे हळूच. मग ती आप्पांना तेही म्हणू लागली.

आप्पांना हा प्रकार उमगत नव्हता. एक दिवस मला म्हणाले, ‘तिला म्हण, तूच हात लाव की. तुझ्या हातात जोर न्हाय. तिच्या मनगटाकडं बघितलं तर कळतंय.’

‘तिला परवानगी न्हाय, आप्पा.’

‘कुणाची?’

‘सरकारची.’

आप्पांनी विचार केला. ‘खांदा माझा हाय,’ ते म्हणाले.

मी तिला ते सांगितलं. तेव्हा ती हसली, त्या दोन वेळांतली ही एक.

तिचा हात एकदाच पुढं आला. आषाढाच्या शेवटी असेल. आप्पांचा हात कानापर्यंत उठत होता आणि तिथं अडकला होता. मी चुकीच्या ठिकाणी धरून होते. ती दोनदा सांगून थकली आणि तिचा पंजा माझ्या हातावर आला आणि माझी बोटं त्यानं दोन अंगुळं खाली सरकवली. मला तिच्या हाताचं वजन कळलं. आतून काहीतरी सैल झालं, आप्पा ‘हां’ म्हणाले आणि हात वर गेला. तिनं आपला हात लगेच मागे घेतला आणि मनगट धरलं. दाराकडे बघितलं. दारात त्या शेजारणीच होत्या. त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

श्रावणात आप्पा पुन्हा गिरणीत जाऊ लागले. पहिल्या दिवशी त्यांनी दोन्ही हातांनी फेटा बांधला. माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘लई कष्ट घेतलेस, पोरी.’ मी भाकरीचा डबा पुढं केला. ते गेल्यावर मी बराच वेळ चुलीपुढे बसून राहिले. त्या दिवशी दवाखान्यात मला उशीर झाला. एवढंच मला आठवतं.

त्याच सुमाराला मुंबईचं शेवटचं उत्तर आलं. तिच्या कामासाठी वेगळी नोंद करता येत नाही; तिला हवं असेल तर शिकाऊ नर्स म्हणून घेता येईल, जुन्या कामाची वर्षं धरून मुदत कमी करता येईल, मात्र तिनं मूळ कागद घेऊन स्वतः मुंबईला यावं आणि तोंडी परीक्षा द्यावी. डॉक्टर चिडले. ‘ज्या बाईनं मला शिकवलं ती शिकाऊ?’ ते म्हणाले. त्यांनी कडक पत्र लिहायला घेतलं. तिनं ते थांबवलं. शिकाऊ तर शिकाऊ, ती म्हणाली. माझ्याकडून तिनं सुईणकामाचं पुस्तक मागून घेतलं आणि व्हरांड्यात बसून ते वाचू लागली. अडलेला शब्द मला विचारायची. वयानं ती माझ्या आईएवढी होती.

परीक्षेला जायला बारा-तेरा दिवस असताना लढाई सुरू झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सभ्य फौजदार दवाखान्यात आला. त्याच्याकडे वही होती, तीच. तिचा पासपोर्ट जर्मन होता म्हणून ती आता शत्रूच्या देशाची झाली होती. तिनं शहराची हद्द सोडायची नाही आणि दर आठवड्याला हजेरी द्यायची. डॉक्टर त्याच्याशी तास दीड तास बोलले. अहो, त्याच लोकांनी हिला हाकललंय, ही त्यांची शत्रू आहे. फौजदार म्हणाला, साहेब, मला कळतंय, पण माझ्या कागदावर देशाचं नाव आहे, बाकी काही नाही. मुंबईच्या प्रवासाची परवानगी आम्ही मागितली. ती नाकारली गेली. परीक्षा घेणाऱ्यांना कळवलं, तर त्यांनी उमेदवार गैरहजर असं नोंदवलं.

तिला हे सगळं मी सांगितलं, व्हरांड्यातल्या त्याच बाकावर. तिनं ऐकून घेतलं. पुस्तक मिटून मला परत दिलं. म्हणाली, ‘वॉर्डात सहा नंबरच्या खाटेवरच्या माणसाचं प्लास्टर आज निघतंय. त्याच्या गुडघ्याकडे आधी लक्ष दे. मी दारात उभी राहते.’

पुढचे सात-आठ महिने आम्ही तसंच काम केलं. ती दारात, मी खाटेपाशी. मग वरून नवा हुकूम आला आणि तिला इतर परदेशी बायकांबरोबर साताऱ्याकडच्या छावणीत हलवलं. मी तिला स्टेशनवर पोचवायला गेले. एक हवालदार सोबत होता. त्यानंच ट्रंक उचलली. तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले, उलटे करून तळवे बघितले, जसे रुग्णाचे बघावेत तसे, आणि सोडले. गाडी हलल्यावर मी डब्याबरोबर चार पावलं चालले आणि मग थांबले. मला रडू आलं नाही. दवाखान्यात परतले तेव्हा जेवणाची सुट्टी चालू होती, म्हणून मी जेवले.

लढाई संपल्यावर दोनेक वर्षांनी तिचं पत्र आलं. ती ऑस्ट्रेलियात होती. तिथं तिच्या कामाची रीतसर नोंदवही होती, वेगळी, तिच्याच कामाची. पण मधल्या वर्षांचा पुरावा हवा होता. छावणीचा कागद तिच्यापाशी होता. सोलापूरचा नव्हता. डॉक्टर तोवर वारले होते. तेव्हा तू लिहून देशील का, असं तिनं विचारलं होतं.

मी चार वेळा लिहायला बसले. तिनं आमच्याकडे काम केलं असं लिहावं, तर ते खोटं ठरलं असतं, कारण रजिस्टरात तिचं नाव नव्हतं आणि तिनं एकाही रुग्णाला हात लावला नव्हता, एक वेळ सोडून. शेवटी झालं तसंच लिहिलं. या बाईंना इथं कामाची परवानगी मिळाली नाही. त्या वर्षभर दारात उभ्या राहून मला शिकवत होत्या. त्यानंतर या दवाखान्यात हातापायाचं जे काम झालं ते सगळं मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे केलं आहे आणि अजून करते. खाली सही केली, माझा नोंदणी नंबर घातला, दवाखान्याचा शिक्का मारला.

वर्षभरानं एक कार्ड आलं. तिचं नाव नोंदवलं गेलं होतं. तूर्त सहायक म्हणून, एक लेखी परीक्षा बाकी होती, ती देणार होती. एका मोठ्या इस्पितळात लहान मुलांच्या विभागात तिला जागा मिळाली होती. तिनं लिहिलं होतं की माझं पत्र समितीत मोठ्यानं वाचलं गेलं आणि एकानं विचारलं की हे खरं कसं मानायचं, तेव्हा दुसरा म्हणाला की खोटं असतं तर यापेक्षा चांगलं लिहिलं असतं.

ते कार्ड मी आप्पांना वाचून दाखवलं. ते तेव्हा थकले होते, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ‘कुटं म्हणालीस?’ त्यांनी विचारलं. मी सांगितलं, लांब, समुद्रापलीकडं. ‘तितं तरी हात लावू देत्यात का?’

‘व्हय,’ मी म्हटलं.

आप्पांनी मान डोलावली. मी कार्ड फळीवर ठेवलं आणि दुपारच्या पाळीला निघाले.